जमनाची रल्ली

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. नवऱ्यापाशी नाही — शेवटचे चार दिवस त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं, तेव्हाही नाही. लेकीपाशी नाही. देवासमोर उभी राहते तेव्हा तर मी मुद्दाम दुसरंच काहीतरी पुटपुटत राहते. तुम्हाला सांगते आहे ती तुम्ही जवळचे म्हणून नव्हे. तुम्ही परके आहात, माझ्या दारात कधी यायचे नाही, म्हणून. आणि सांगून झाल्यावर 'जाऊ द्या हो, तेव्हाचे दिवसच तसे होते' असं कुणी म्हणणार असेल तर त्यानं इथंच थांबावं. दिवसांवर ढकलायला मी बसलेली नाही.

गेल्या जत्रेत मला शाल दिली. भैरोबाच्या देवळासमोर मांडव होता, माइक होता, आणि मंडळाच्या पोरांनी गावाची गोधडी ट्रंकेतून काढून दोन बांबूंच्या मध्ये टांगली होती. 'आपल्या गावाची आठवण जपणारी माउली' — असं मला म्हणाले. टाळ्या झाल्या. मी हात जोडले. माझ्या तोंडावर तेव्हा काय होतं मला माहीत नाही, पण पोटात मात्र शिव्या होत्या. कुणाला? त्या पोरांना. त्यांचा काय दोष? काही नाही. मला कुणी चांगलं म्हटलं की मला त्या माणसाचा राग येतो, गेली कित्येक वर्षं.

ती गोधडी काय आहे ते आधी सांगते. आमचं गाव पिंपरीच्या शेजारी, पवनेच्या काठाला. आता तिथं कारखान्याच्या भिंती आणि बसचा थांबा आहे. तेव्हा बाजरीची रानं होती. प्रत्येक रानाला नाव होतं — घोडमाळ, चिंचेचा मळा, सतीचं शेत, वाकडी पट्टी. कारखान्यासाठी जमिनी जाणार असं आधी नुसतं कानावर यायचं, मग साखळ्या घेऊन मोजणीवाले आले. त्या उन्हाळ्यात गावातल्या बायकांनी मिळून एक गोधडी शिवली. ज्या घराचं जे रान, त्या रानात राबताना अंगावर विरलेल्या कापडाचा एक तुकडा. कुणाचं लुगडं, कुणाच्या सासऱ्याचं मुंडासं, कुणाचं धोतर. रानं जशी होती तसे तुकडे लावले — नदीकडची खाली, माळाकडची वर. आज ती रानं तरण्या पोरांपैकी कुणी पाहिलेली नाहीत, पण गोधडीवर बोट ठेवून म्हातारे सांगतात, इथं आमची विहीर होती.

चांगली गोष्ट आहे ना? आहेच. आणि ही कल्पना माझी, सुभद्राची, असं सगळे म्हणतात.

माझी नव्हती. सोप्या गोष्टीपासून सुरुवात करते आहे, बघा. अजून मूळ मुद्द्यावर यायचं धाडस नाही.

फाळणीनंतर पिंपरीला सिंध्यांची छावणी बसली. आमच्या गावाला त्या लोकांचा राग होता. का होता? त्यांनी आमचं काही घेतलं नव्हतं. पण आधी छावणी आली आणि मागून कारखाना आला, आणि आमच्या डोक्यात दोन्हींची एकच मोळी बांधली गेली — आमचं काढून ह्यांना देतायत. पहिल्या उन्हाळ्यात त्यांच्या बायका आमच्या विहिरीवर आल्या तर आम्ही ओळीनं काठावर उभ्या राहिलो. एकीची भरलेली कळशी मी पायानं लवंडली. ती बाई जमना नव्हती. त्या बाईचं तोंडसुद्धा मला आठवत नाही. बघा, अशा किती गोष्टी मी सहज विसरून गेले असेन.

जमना पुढं दोन-तीन वर्षांनी आली, डोक्यावर बोचकं घेऊन. दोऱ्याची रिळं, सुया, बटणं, नाड्या विकायची. उंच, हाडं वर आलेली, सुथण म्हणजे सैल विजार, वर लांब कुडतं, डोक्यावर ओढणी. वयानं माझ्याहून थोडी मोठी असेल. छावणीपासून आमचं गाव दीड कोस. तेवढं चालत यायची, चालत जायची. मराठी तिनं दारोदार फिरून उचललेली, हिंदीत कालवून बोलायची. सगळ्यांना 'भेण' म्हणायची, म्हणजे बहीण. मला ते ऐकलं की अंगावर पाल पडल्यासारखं व्हायचं. कुणाची बहीण?

माझ्या सासूला आम्ही आत्याबाई म्हणायचो. त्या एक दिवस अंगणात गोधडीला बसल्या होत्या. जमनानं बोचकं उतरवलं, बसली, आणि न विचारता सुई हातात घेऊन एक ओळ घातली. आत्याबाई ओरडतील असं मला वाटलं. त्या वाकून बघत राहिल्या. मग मला हाक मारली.

"सुभे, हिचा टाका बघ गं. मुंगीवानी चाललाय सरळ. तुझा रांगतोय हिच्याम्होरं."

हसत म्हणाल्या. माझ्यावर त्यांचा जीव होता, टोचून बोलायचा स्वभाव नव्हता. पण त्याआधी गावात लग्नाच्या गोधड्यांना हात लावायला मला बोलवत. चाकणच्या बाजूनं सून म्हणून आले तेव्हा माझ्याकडं दुसरं काही नव्हतं — रूप नाही, माहेरचं पाठबळ नाही. टाका होता. तो हिनं अर्ध्या घटकेत घेतला, असं मला वाटलं. तिनं काही घेतलं नव्हतं. वाटलं मला.

दुसऱ्या दिवशी तिनं आपली रल्ली आणली. त्यांच्याकडची गोधडी, तिला ते रल्ली म्हणतात. अंगणात पसरली तेव्हा बायका घरांतून बाहेर आल्या. लाल, काळा, मोहरीचा रंग. कापडातून कातरून काढलेली फुलं, कडेला बारीक त्रिकोणांची ओळ, एकही वाकडा नाही. मी इतकं सुंदर काम तोवर पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. हे मी पहिल्यांदा कबूल करते आहे. तेव्हा मी म्हणाले होते, फार भडक आहे.

जमना गुडघ्यावर बसून एकेका तुकड्यावर हात ठेवत सांगत होती. "हे माझी अम्मा. हे मासी. हे नणंद. हे झैनब, बाजूचं घर — आम्ही निघालो, तिनं डोक्याची ओढणी फाडली, मला दिली. हा मी जहाजावर शिवला." मग सगळ्या रल्लीवरून हात फिरवला. "पूरी गली आहे. गली आता नाही. हे आहे."

 मग तीच म्हणाली, "तुम्ही पण करा. शेत जाईल. कपडा राहील."

तीच म्हणाली. मी नव्हे. दोन दिवसांनी शाळेचे मास्तर आमच्या पडवीत आले होते, गावाचं काहीतरी राहिलं पाहिजे असं बोलत होते, तेव्हा मी चटकन पुढं होऊन म्हणाले — मास्तर, मी विचार केलाय, घराघरातून एक तुकडा घेऊ. मास्तर खूष झाले. जमना तिथंच बसून रीळ गुंडाळत होती. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि खाली मान घालून गुंडाळत राहिली.

हे झालं कल्पनेचं. एवढंच असतं तर मी ते सांगायला बसले नसते.

शिवायला आमच्याच पडवीत बसायचो. दुपारी कामं आवरली की आठ-दहा जणी जमायच्या. जमनाही यायची, फेरी संपवून. पहिले काही दिवस तिला कडेला बसवलं. मग कुणी म्हणालं, जमनाबाई, हा कोपरा कसा वळवायचा? मग दुसरी. पंधरा दिवसांत तिच्याभोवती घोळका. माझी चार वर्षांची लेक तिच्या मांडीवर जाऊन बसायची. मी हाक मारली तर उठायची नाही.

एकदा जमनानं कमरेतून एक चौकोन काढला. मोहरीच्या रंगाचा, घडी घातलेला. म्हणाली, हा कडेला लावू? छावणीपण इथल्याच जमिनीवर आहे, आता आमचं घर इथंच. आत्याबाई काहीतरी बोलणार होत्या. त्यांच्या आधी मी बोलले.

"हितं ज्याचं रान हाय त्याचा तुकडा. तुमचं रान तिकडं राह्यलं."

 जमनानं चौकोनाची पुन्हा घडी घातली, कमरेला खोचली आणि सुई उचलली. मला वाटलं, आता यायची नाही. दुसऱ्या दिवशी आली. वेळेवर, नेहमीसारखी. लेकीसाठी पापड घेऊन. तिचं ते परत येणं — त्यानं माझं डोकं फिरलं. अपमान केला तर माणसानं निदान अपमान झाल्यासारखं वागावं ना? मी तिच्याशी भांडायला तयार होते. ती भांडायलाच येत नव्हती.

आता आलंच आहे तर सांगते.

रल्लीच्या कडेचे त्रिकोण आमच्या गोधडीला उतरवायचे असं आत्याबाईंच्या मनात आलं. जमना रल्ली पुन्हा घेऊन आली तेव्हा त्या म्हणाल्या, जमनाबाई, चार दिस ठेव की आमच्याकडं, बघून करू. जमनाला ते नको होतं. तिच्या बोटांवरूनच दिसत होतं, कड सोडत नव्हती. शेवटी तिनं रल्लीची घडी केली आणि ती आत्याबाईंना न देता माझ्या हातात दिली. "भेण, तुझ्याकडं ठेव. तू नीट ठेवणारी."

तिसऱ्या दिवशी घोडमाळावर खुंट्या ठोकायला माणसं येणार होती. घोडमाळ आमचं रान. सगळं गाव बघायला गेलं — आत्याबाई, आमचे मालक, शेजारपाजार. मी गेले नाही. लेक झोपली होती, असं निमित्त सांगितलं. पुढं कितीतरी वर्षं मी स्वतःला सांगत आले की त्या दिवशी रान जात होतं, म्हणून माझं भान सुटलं. खोटं आहे. भान सुटलेल्या बाईला इतकं सरळ कापता येत नाही.

भर दुपारी, दाराला कडी लावून, मी रल्ली उलटी पसरली. सगळीकडून टाके उसवले. खालचं अस्तर सोडवलं, आतला भर काढला. राहिलं ते वरचं अंग — फुलांचं, तिच्या गल्लीचं. आमची गोधडी कोपऱ्यात गुंडाळून ठेवलेली होती. खालचं कापड आणि आतले जुन्या लुगड्यांचे थर झाले होते, वरचे तुकडे नुसते कच्च्या टाक्यांवर होते. मी ते उचलले, दोन लुगड्यांच्या मध्ये रल्ली पालथी घातली, हातानं सारखी केली, आणि पुन्हा कच्चे टाके घातले. वरून काही कळत नव्हतं. संध्याकाळी माणसं परतायच्या आत झालं सगळं. अस्तराचे तुकडे करून पोतेरी केली. त्या पोतेऱ्यांनी मी वर्षभर घर सारवलं.

जाळली का नाही? ते माझं पुण्य म्हणून मोजू नका. जाळायला मन झालं नाही, कारण काम फार चांगलं होतं. ते राहावं असं मला वाटत होतं. फक्त तिच्याकडं राहू नये. ह्याला काय म्हणतात? मला शब्द सापडलेला नाही. सापडला असता तर कदाचित आधीच बोलले असते.

दोन दिवसांनी ती न्यायला आली. पडवीत पाच-सहा जणी होत्या.

"भेण, रल्ली दे. त्रिकोण झाले?"

"म्हंजी? परवा दिली की तुला."

ती हसली. तिला वाटलं मी थट्टा करते आहे.

"तुझ्या हातात दिली," मी म्हणाले. "तू बोचक्यात कोंबलीस. ह्या दारात हुभी राहून."

आत्याबाईंनी माझ्याकडं पाहिलं. "व्हय गं?"

"व्हय. तुमी रानात होता तवा."

आणि आत्याबाईंनी मान हलवली. सुनेवर विश्वास ठेवला. जमना माझ्या तोंडाकडं बघत होती. काहीतरी शोधत होती तिथं, आणि मी तिला शोधू दिलं. डोळे वळवले नाहीत. मग बायकांत कुजबूज सुरू झाली — आता नवीन कापड मागंल बघ, ही लोकं अशीच. ते कुणीतरी म्हणालं आणि मी अडवलं नाही.

नाही. पुन्हा खोटं बोलायला लागले. ते मीच म्हणाले. कुजबुजीत नव्हे, मोठ्यानं. 'ही लोकं अशीच' — हे माझे शब्द.

जमनानं दोन्ही हात डोक्याला लावले. मला वाटलं आता ओरडेल, शिव्या देईल, छावणीतली चार माणसं घेऊन येईल. मी उत्तरं तयार ठेवली होती. ती म्हणाली, "मी विसरते आजकाल. तिकडून आल्यापासून काय ठेवलं, कुठं ठेवलं... भेण खरं बोलते. रस्त्यात पडली असेल." मग माझ्याकडं वळून, हात जोडून, "माफ कर."

मला म्हणाली. माफ कर.

त्यानंतर आठवडाभर ती त्या दीड कोसाच्या रस्त्यावर होती. मालक संध्याकाळी पाय धुताना सांगायचे — ती सिंधीण रुईच्या जाळ्यांत हात घालून बघतीया, ओढ्यात उतरली हुती, येणाऱ्याजाणाऱ्याला इचारतीया, गाडीवाल्यांना थांबवतीया. एकदा म्हणाले, हातभर काटं घुसल्यात तिच्या, वेडी हुईल ती. मी तांब्यानं त्यांच्या पायांवर पाणी ओतत होते. ओतत राहिले. एक वाक्य बोलायचं होतं फक्त. ते किती लहान असतं, तुम्ही कधी मोजलंय का?

दहा दिवसांनी ती पुन्हा शिवायला आली. कशाला आली? मी तिच्या जागी असते तर थुंकलेसुद्धा नसते त्या पडवीवर. ती बसली, आणि बायकांनी तिला मधलं काम दिलं, कारण मध्ये सगळ्यात बारीक टाका लागतो.

तिची सुई आत जाईना. वरचे तुकडे, लुगडं, खाली रल्लीवरच्या फुलांची दुहेरी घडी. तिनं पुन्हा सुई घातली. मग अंगठ्यानं दाबून बघितलं. अंगठा हळूहळू सरकत गेला — एका फुलाच्या कडेनं, मग दुसऱ्या. मी समोर बसले होते. माझ्या हातातला दोरा ओला झाला होता घामानं.

"भेण, अंदर काय आहे?"

"जुनं लुगडं. ठिगळाचं."

तिनं तळहात तिथं सपाट ठेवला. किती वेळ? मला सांगता येणार नाही. बायका बोलत होत्या, कुणीतरी हसत होतं. मग तिनं हात उचलला, सुई घेतली आणि शिवू लागली. त्या दिवशी ती अंधार पडेतो उठली नाही. मधला सगळा भाग तिनं एकटीनं शिवला, कुणाला हात लावू दिला नाही. इतके जवळ-जवळ टाके मी कधी पाहिले नव्हते. एक धागा तुटला तरी पुढचा सुटायचा नाही असे.

तिला कळलं का?

मला माहीत नाही. हे वाक्य मी लाख वेळा मनात घोळवलंय. कळलं असतं तर ती बोलली असती, असं वाटतं. मग वाटतं — कुणाला बोलली असती? तिथं एकजण तरी होती का, जिनं तिचं ऐकलं असतं? हीच व्यवस्था तर मी करून ठेवली होती.

जत्रेला गोधडी देवळात टांगली. मास्तर बोलले, मला नारळ आणि चोळीचा खण दिला. जमना नवऱ्याबरोबर मांडवाच्या कडेला उभी होती, छावणीतल्या दोघी-तिघी होत्या. तिनं गोधडीला हात जोडले. माझ्याशी बोलली नाही, मीही तिच्याकडं गेले नाही. जत्रा झाल्यावर गोधडी आमच्याच घरी ठेवायची ठरलं, ट्रंकेत, डांबराच्या गोळ्या घालून. देवळाची ट्रंक फार पुढं आली.

तुम्हाला वाटत असेल, झालं. चोरी, खोटं बोलणं, एका निर्वासित बाईला वेडं ठरवणं — पुरे आहे की. मलाही वाटायचं की मी हेच लपवते आहे. पण हे सगळं मी एखादेवेळी बोलून टाकलंही असतं. पुढचं आहे त्यासाठी तोंड उघडत नव्हतं.

दोन वर्षांनी, थंडीत, जमनाचा नवरा आमच्या दारी आला. चेलाराम त्याचं नाव. छावणीत हातगाडीवर भाजी विकायचा. जमना कितीतरी महिने गावात आली नव्हती. कुणी विचारलं तर मी म्हणायची, बरं झालं. दुपारची वेळ होती, मी घरात एकटी. तो आत आला नाही. पायरीखाली उभा राहून बोलला. तिच्या छातीत दुखणं आहे, दवाखान्यातून घरी पाठवलं. काही खात नाही. एकच मागते.

"रल्ली मागती. रोज विचारती. कुणाला सापडली काय गावात? एक बार अंगावर घ्यायची म्हणती."

ट्रंक माझ्या मागं होती, चार पावलांवर. मधले टाके सोडवून रल्ली बाहेर काढायला अर्धी दुपार लागली असती. आणि कबूलसुद्धा करायला नको होतं! माळ्यावर सापडली म्हटलं असतं, पोरीनं कुठंतरी कोंबून ठेवली होती म्हटलं असतं. त्या माणसानं माझे पाय धरले असते. मी जन्मभर जिथं खोटं बोलले तिथं अजून एक, आणि ते एकच खोटं कुणाच्या तरी उपयोगी पडलं असतं.

पण अस्तर नव्हतं. भर नव्हता. जमनानं हातात घेतल्याबरोबर ओळखलं असतं की हे उसवलेलं आहे, कात्रीनं, सरळ. आणि गावाची गोधडी उघडी पडली असती, आत्याबाईंनी विचारलं असतं, मास्तरांनी विचारलं असतं. माझा नारळ, माझा खण.

मी म्हणाले, "न्हाई बाबा. काय न्हाई सापडलं."

लगेच म्हणाले. तो प्रश्न संपवायच्या आतच बहुतेक.

त्यानं मान हलवली. रागावला नाही. "ठीक आहे. तिनंच सांगितलं — सुभद्रा भेणकडं विचार. दुसऱ्या कुणाला नको विचारू. तिच्याकडंच विचार."

ऐकलंत? दुसऱ्या कुणाला नको.

मी त्याला तांब्याभर पाणी दिलं, गुळाचा खडा दिला. त्यानं उभ्यानं पाणी पिऊन तांब्या पायरीवर पालथा ठेवला आणि गेला. मी दार लोटलं, सूप घेतलं आणि ट्रंकेवर बसून तांदूळ निवडले. उसवायला पुरली असती ती सगळी अर्धी दुपार मी तिथं बसून होते. दुसरा दिवस होता, तिसरा होता. तिला पुढं नऊ दिवस होते. मी ट्रंक उघडली नाही.

दहाव्या दिवशी सकाळी छावणीकडून येणाऱ्या गाडीवाल्यानं सांगितलं, दोरेवाली गेली. आत्याबाई दारात उभ्या होत्या. त्यांचे डोळे भरून आले. पदर डोक्यावर घेऊन त्या माझ्याकडं वळल्या.

"सुभे, जायाचं का गं मातीला? आपल्यात बसली-उठली बाई."

मी चुलीपुढं होते. म्हणाले, "तुमी जावा. माझ्या भाकरी व्हायच्यात अजून."

त्या एकट्या गेल्या. मी सगळ्या भाकरी केल्या. एकही करपली नाही.